पोरक्या पाहुण्यांचे बापू

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे आमच्या वसतिगृहांत नवीं मुलें येतात. बरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनें बांधून दिलेला लाडवांचा डबा. पहिल्या रात्रीं दिवे मालवल्यानंतर त्या लांब दालनांतून एक फेरी घालावयाची, असा आमचा पुष्कळ वर्षांचा परिपाठ आहे. दिवसा मोठ्या ऐटींत वावरलेल्या कित्येक मुलांच्या उशा त्या वेळीं ओल्या लागतात. वस्तुतः त्यांचें घर दहा-वीस कोसांवर असतें, आठवड्याच्या आंत घरचा निरोप यावयाचा असतो, आणि दिवाळीहि कांहीं फार दूर नसते. तरी ती रात्र जड जाते. मग ज्याला घरच उरलेलें नाहीं, ज्याची वाट पाहणारें कोणी नाहीं, आणि भोंवतीं बोलली जाणारी भाषासुद्धां ज्याच्या कानाला परकी आहे, अशा मुलाची पहिली रात्र कशी जात असेल, हा विचार त्या फेरीच्या वेळीं आमच्या मनांत अनेकदां येतो. अशा शेंकडों मुलांना ज्यानें आपल्या अंगणांत उतरवून घेतलें, त्या एका गृहस्थाची हकीकत यंदा वाचकांस सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

हे गृहस्थ म्हणजे काठेवाडांतील नवानगर संस्थानचे अधिपति जामसाहेब दिग्विजयसिंहजी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं क्रिकेटच्या नादीं लागलेल्यांस (आणि तसे नसलेले किती असतील?) एवढें सांगितलें म्हणजे पुरे कीं, ज्यांच्या नांवें रणजी करंडकाचे सामने होतात, त्या रणजितसिंहजींचे हे पुतणे व वारस. परंतु या नात्याची थोडी फोड करणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व कथेचें बीज आम्हांस तेथें दिसतें.

रणजितसिंहजी लहान असतांना नवानगरचे त्या वेळचे जाम विभाजी यांनीं १८७८ सालीं त्यांस दत्तक घेतलें. पुढें चारच वर्षांनीं विभाजींस राजवाड्यांतच पुत्र झाला, आणि दत्तक बाजूला सारला गेला. कालपर्यंत युवराज म्हणून वाढलेला मुलगा आज कोणीच नाहीं, अशी त्याची अवस्था झाली. विलायतेंत जाऊन क्रिकेटच्या मैदानावर त्यानें कीर्ति मिळविली तरी गादी मिळावयास १९०७ साल उजाडावें लागलें. दत्तक म्हणून दिलेला शब्द किती सहज मोडतां येतो, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार! स्वतः ते अविवाहित राहिले, आणि आपल्या भावाच्या मुलास, म्हणजे दिग्विजयसिंहजींस, त्यांनीं आपला वारस केलें. तो शब्द मात्र मोडला गेला नाहीं.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजीं सडोदर येथें झाला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत कांहीं काळ शिकून ते इंग्लंडांत मॉल्व्हर्नच्या शाळेंत गेले आणि तेथून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत. परमुलखांतील शाळेच्या दालनांत निजण्याची पाळी त्यांच्यावरहि आली होती, एवढें ध्यानांत ठेवून आपण पुढें जाऊं. १९१९ सालीं सैन्यांत अधिकारी म्हणून त्यांस नेमणूक मिळाली. सुमारें बारा वर्षें नोकरी करून कॅप्टनच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. एप्रिल १९३३ मध्यें रणजितसिंहजी वारले, आणि दिग्विजयसिंहजी नवानगरच्या गादीवर बसले. सिरोहीच्या राजकन्या गुलाबकुंवरबा यांच्याशीं त्यांचा विवाह १९३५ सालीं झाला. क्रिकेटच्या हिंदी नियामक मंडळाचें अध्यक्षपद, नरेंद्रमंडळाचें चॅन्सेलरपद इत्यादि मानमरातब क्रमानें आले. त्यांची यादी देण्यांत आम्ही जागा दवडीत नाहीं.

पोलंड देशाशीं त्यांचा संबंध कसा आला याविषयीं एक गोष्ट सांगतात. रणजितसिंहजी राष्ट्रसंघांत हिंदुस्थानचे प्रतिनिधि म्हणून जिनीव्हास जात असत. त्या दिवसांत तेथून जवळच पोलंडचा जगप्रसिद्ध पियानोवादक पाडेरेव्स्की याचें घर होतें. हा वादक १९१९ सालीं स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला होता, म्हणजे एका हातीं वाद्य व दुसऱ्या हातीं राज्य असा हा दुर्मिळ मनुष्य. तरुण दिग्विजयसिंहजींची व त्याची तेथें गांठ पडली आणि पोलंडविषयींचा जिव्हाळा तेव्हांपासून जडला, असें म्हणतात. तें कसेंहि असो. जिव्हाळ्याची परीक्षा वीस वर्षांनीं झाली.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली, आणि सतराव्या तारखेस रशियानें पूर्वेकडून. दोन शेजाऱ्यांनीं मिळून मधलें घर वांटून घेतलें. रशियाच्या वांट्यास आलेल्या प्रांतांतून १९४० च्या फेब्रुवारीपासून पोलिश कुटुंबें उचलून नेण्यास आरंभ झाला. रात्रीं दारावर थाप पडावयाची, थोडक्या वेळांत सामान बांधावयाचें, आणि गुरांच्या डब्यांत बसून आठवडेच्या आठवडे प्रवास करीत सैबेरिया, कझाकस्तान किंवा उत्तरेकडील अरण्यें गांठावयाचीं. अशा रीतीनें लाखों माणसें नेलीं गेलीं. जंगलतोडींत, थंडींत, उपासमारींत आईबाप मेले; मुलें उरलीं. पुढें जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावरच स्वारी केली, तेव्हां रशियास पोलंडच्या मैत्रीची गरज भासली. लंडनमध्यें राहणाऱ्या पोलिश सरकाराशीं ३० जुलै १९४१ रोजीं करार झाला, आणि या निरपराध बंद्यांस क्षमा करण्यांत आली. ज्यांनीं गुन्हाच केला नव्हता त्यांस क्षमा, हा शब्दप्रयोग वाचून आमच्या लेखणीला क्षणभर थांबावेसें वाटतें.

सुटलेलीं माणसें ऊब शोधीत दक्षिणेकडे निघालीं. तुर्कस्तानांतील स्टेशनांवर, विषमज्वरानें भरलेल्या झोंपड्यांत, आणखी किती बळी पडले त्यास गणती नाहीं. कित्येक आयांनीं आपलें मूल वांचावें म्हणून तें पोलिश अनाथालयाच्या दारांत आणून सोडलें, व आपण परत फिरल्या. तेव्हां हीं मुलें सारींच आईबापाविना होतीं असें नव्हे. कोणाचा बाप सैन्यांत होता, कोणाची आई कोठें तरी हरवली होती. पण आपलें माणूस जिवंत आहे कीं नाहीं हें ठाऊक नसणें, ही अवस्था पोरकेपणाहून बरी कीं वाईट, हें आम्हांस सांगवत नाहीं.

या मुलांना ठेवावें कोठें? युद्धाचा वणवा सर्वत्र पेटलेला. अन्न तोलून मिळे. मुंबईंतील पोलिश वकील बानासिंस्की व त्यांची पत्नी कीरा हीं हिंदुस्थान सरकारच्या मागें लागलीं होतीं. अशा वेळीं जामसाहेबांनीं आपण होऊन जागा देऊं केली. नवानगरपासून पंधरा-सोळा मैलांवर, कच्छच्या आखाताच्या कांठीं, बालाचडी नांवाच्या ठिकाणीं त्यांचा उन्हाळी वाडा होता. त्या वाड्याच्या शेजारीं मुलांसाठीं वसाहत उठवावी असें ठरलें. आपल्या राज्यांत गांवोगांव मोकळी जमीन असतां त्यांनीं स्वतःच्या अंगणालगतची निवडली, ही गोष्ट लहान दिसते. पण पाहुण्यास कोणत्या खोलींत उतरवितां यावरून यजमानाची पारख होते, हें आमच्या वाचक मातापित्यांस सांगावयास नको.

अलीकडे एक कथा फिरत असते कीं, पोरक्या मुलांनीं भरलेलें एक जहाज बंदरोबंदर हिंडत होतें, सर्वांनीं त्यास हांकलून दिलें, आणि अखेर जामसाहेबांनीं त्याला आश्रय दिला. कथा हृदयंगम आहे, परंतु खरी नाहीं. खरी हकीकत तिच्याहून अधिक खडतर आहे. पहिली तुकडी १९४२ च्या वसंत ऋतूंत अश्काबादहून मोटारलॉऱ्यांतून निघाली. हिंदुस्थानांतून मदतीचें सामान घेऊन जाणाऱ्या लॉऱ्या परत येतांना हीं मुलें घेऊन आल्या. इराणच्या सरहद्दीवरील बर्फाळ घाट ओलांडून मेशेद, तेथून वाळवंटांतून बलुचिस्तान आणि क्वेट्टा, व पुढें आगगाडीनें, असा त्यांचा मार्ग होता. या प्रवासांत मुलांची निगा राखणाऱ्यांमध्यें हांका ऑर्डोनूव्ना ही वॉर्साच्या रंगभूमीवरील नामांकित गायिका होती. एके काळीं जिच्या गाण्यास राजधानी डोलत असे, ती स्वतः क्षयानें पोखरलेली असतां परक्यांच्या मुलांचीं डोकीं मांडीवर घेऊन लॉरींत बसली होती. या प्रवासाविषयीं तिनें पुढें एक पुस्तकहि लिहिलें.

एप्रिल १९४२ मध्यें दीडशेंहून अधिक मुलें मुंबईस पोंचलीं. वांद्र्यास सुमारें तीन महिने त्यांस ठेवण्यांत आलें. हाडांचे सांपळे झालेल्या त्या देहांवर थोडें मांस चढलें, आणि जुलै महिन्यांत तीं बालाचडीस गेलीं. मागाहून आणखी तुकड्या आल्या. नुकतीं चालूं लागलेल्यांपासून सोळा-सतरा वर्षांच्यांपर्यंत सर्व वयांचीं मुलें तींत होतीं.

जामसाहेब त्यांच्या स्वागतास स्वतः आले. त्या दिवशीं ते जें बोलले तें त्या मुलांनीं म्हातारपणापर्यंत स्मरणांत ठेवलें. आजपासून तुम्ही स्वतःस पोरकीं समजूं नका. मी बापू आहें, नवानगरच्या सर्व प्रजेचा बाप आहें, आणि तुम्ही आतां नवानगरचीं झालांत म्हणून तुमचाहि बाप आहें, असा त्या बोलण्याचा आशय होता. काठेवाडांत बापू हा शब्द राजालाहि लावतात व वडिलांनाहि. मुलांनीं तो तत्काळ उचलला. आणि त्यांच्या तोंडीं त्या शब्दाचा राजा हा अर्थ फार दिवस राहिला नसावा असें वाटतें.

आतां अशा प्रसंगीं कनवाळू यजमानाकडून हमखास घडणारी एक चूक असते. आश्रित मुलाला तो आपल्यासारखें करूं पाहतो. आपली भाषा, आपलें जेवण, आपला देव त्याला देतो, आणि त्याच्या जुन्या घराचा उल्लेख टाळतो, कारण तो निघाला कीं मूल रडतें. आमच्या समाजांतील जुन्या अनाथालयांविषयीं आम्हांस आदर आहे. पण या चुकीपासून तीं सर्वस्वीं मुक्त होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. जामसाहेब कट्टर धर्मनिष्ठ हिंदु होते. सोमनाथाच्या जीर्णोद्धारांत पुढें त्यांनीं प्रमुख भाग घेतला, आणि ८ मे १९५० रोजीं नव्या देवालयाची कोनशिला त्यांच्याच हस्तें बसली. त्या मनुष्यानें आपल्या वाड्याशेजारीं पोलंडचा ध्वज फडकूं दिला, आणि मुलांची प्रार्थना त्यांच्या रोमन कॅथलिक पद्धतीनें चालूं दिली. छावणीचे प्रमुख फादर प्लुता हे पोलिश धर्मगुरु होते. शाळा पोलिश भाषेंत भरे, शिक्षिका पोलिश, बालवीरांचीं पथकें पोलिश, नाताळ पोलिश. तुम्ही नवानगरचीं झालांत असें म्हणणाऱ्यानें तुम्ही पोलंडचीं राहूं नका असें कधींहि म्हटलें नाहीं. आमच्या मतें त्यांच्या सबंध आयुष्यांतील मोठेपण येथें आहे, आणि तें जागा देण्यांतील मोठेपणाहून अवघड आहे.

जेवणाची गोष्ट तर मौजेची आहे. मिरचीमसाल्याचें काठेवाडी जेवण त्या मुलांस सोसेना. तेव्हां युरोपीय पद्धतीचा स्वयंपाक जाणणारे गोंव्याचे आचारी आणविण्यांत आले. पण त्यांचाहि पालक मुलांना आवडेना. रोज पालक येऊं लागला, तशी मुलांनीं एक दिवस मसलत केली आणि पानांतील पालकास हात न लावण्याचा संप पुकारला. शिक्षक मंडळी गोंधळली. आमच्या भोजनगृहांत असा प्रकार घडता तर आम्हीं काय केलें असतें तें विद्यार्थ्यांनीं मनांतल्या मनांत ओळखावें! बातमी बापूंच्या कानीं गेली. त्यांनीं हंसून हुकूम केला कीं आजपासून छावणींत पालक शिजवूं नये. उपासमारीनें ज्यांचीं भावंडें डोळ्यांदेखत गेलीं होतीं, तीं मुलें आतां एखादी भाजी नको म्हणण्याइतकीं धीट झालीं, यांत त्या हुकुमापेक्षां मोठी बातमी होती. भीक मागणारें मूल आवडनिवड सांगत नाहीं. घरचें मूल सांगतें.

वाड्याच्या आवारांतील बाग व खेळाचीं मैदानें मुलांस मोकळीं होतीं. फुटबॉल व हॉकी यांची धामधूम चाले. मुलें आपल्या देशाचे रंगीत पोशाख शिवून नाच व नाट्यप्रवेश करीत, आणि जामसाहेब ते पाहावयास येत. त्या वेळीं त्यांच्या स्वतःच्या घरांत लहान मुलें होतीं; धाकटे युवराज १९३९ सालीं जन्मलेले. राज्यकारभार होता, नरेंद्रमंडळ होतें, आणि १९४२ सालीं ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळांत हिंदुस्थानचे एक प्रतिनिधि म्हणून त्यांची नेमणूक झाल्यानें लंडनचीहि वारी करावी लागली. एवढ्या गर्दींतून वेळ काढून ते मुलांच्या नाटकास बसत. पालकवर्गाचें लक्ष आम्ही येथें किंचित् वेधूं इच्छितों, कारण आमच्या वार्षिक संमेलनांत पुढच्या खुर्च्या कधीं कधीं रिकाम्या राहतात.

सर्वच कांहीं गोड होतें असें मात्र नव्हे. बर्फाच्या देशांतून आलेल्या मुलांना काठेवाडचें ऊन असह्य होई, हिंवताप येई, सापांचें भय असे. कित्येकांच्या फुप्फुसांत सैबेरियाचें दुखणें मुरलेलें होतें. अशांपैकीं कांहींस आपल्या पांचगणीस हवा बदलण्यासाठीं ठेवण्यांत आलें. आणि रात्रीचें काय? दिवसा चेंडूमागें धांवणारें मूल रात्रीं काय आठवीत असे, तें कोणत्याहि राजाच्या हुकुमानें थांबणारें नव्हतें.

खर्चाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. एकट्या जामसाहेबांनीं सारा भार उचलला असें कोणी लिहितात. तें बरोबर नाहीं. पोलिश मुलांसाठीं निधि उभारण्यांत आला, आणि त्यांत दुसऱ्या संस्थानिकांनीं, व्यापाऱ्यांनीं व सामान्य लोकांनींहि भर घातली. शिवाय संस्थानिकाचा पैसा म्हणजे तरी कोणाचा? शेतांत घाम गाळणाऱ्या रयतेनें भरलेल्या साऱ्याचा. म्हणून या आतिथ्याचे यजमान काठेवाडचे शेतकरीहि होते. त्याच सुमारास, १९४३ सालीं, बंगालमध्यें लाखों माणसें दुष्काळानें मेलीं. तेव्हां आपलीं मुलें उपाशी असतां परदेशच्या मुलांस कां पोसावें, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. प्रश्न खरा आहे. पण बंगालचीं मुलें वांचलीं नाहींत तीं बालाचडीस शे-पांचशें पानें अधिक वाढलीं गेलीं म्हणून नव्हे. त्याचीं कारणें दुसरीं व फार मोठीं होतीं.

आतां आम्ही ज्या प्रसंगासाठीं ही हकीकत लिहावयास घेतली तो प्रसंग. १९४५ सालीं महायुद्ध संपलें. ज्यांच्यासाठीं युद्ध सुरू झालें म्हणत, त्या पोलंडच्या पदरीं मात्र स्वातंत्र्य पडलें नाहीं. वॉर्सामध्यें रशियाच्या छत्राखालीं साम्यवादी सरकार आलें. मुलांचे पूर्व पोलंडमधील गांव तर रशियानें कायमचेच घेतले. त्याच वर्षीं जुलैमध्यें इंग्लंड-अमेरिकेनें वॉर्साच्या सरकारास मान्यता दिली, आणि लंडनमधील जुनें पोलिश सरकार कागदोपत्रीं नाहींसें झालें. नव्या सरकारनें अनाथ मुलें परत मागितलीं. कायदा त्या बाजूचा होता. पोरक्या मुलाचें पालकत्व त्याच्या देशाच्या सरकाराकडे जातें, मग त्या सरकारानें कोणाच्या मदतीनें राज्य मिळविलें आहे हें कोणी पाहत नाहीं. ज्या सत्तेनें आईबापांस सैबेरियांत नेलें, तिच्याच आश्रितांच्या स्वाधीन होण्याची भीति मुलांच्या पुढें उभी राहिली.

तेव्हां जामसाहेब, फादर प्लुता व छावणीवरील ब्रिटिश अधिकारी क्लार्कसाहेब या तिघांनीं मिळून त्या मुलांस कायदेशीर दत्तक घेतलें. मुलें पोरकीं आहेत म्हणून हक्क सांगणाऱ्यांस उत्तर मिळालें कीं तीं आतां पोरकीं नाहींत, त्यांस बाप आहेत. एक हिंदु राजा, एक ख्रिस्ती पाद्री आणि एक इंग्रज अधिकारी, असे तिघे बाप! चार वर्षांपूर्वीं स्वागताच्या भाषणांत उच्चारलेला शब्द आतां मोहोर उठवून कागदावर आला. सभेंत बोललेला शब्द पुढें कोर्टांत पाळावा लागेल याची पुष्कळ वक्त्यांस कल्पना नसते. तशी वेळ आली म्हणजे भाषण आणि भाषण यांतील फरक कळतो. ज्या घराण्यांत पूर्वीं एक दत्तक मोडला गेला होता, त्याच घराण्याच्या दत्तक वारसानें हा दत्तक पाळला.

आणि पाळला तोहि कसा? मुलांना आपल्यापाशीं ठेवून घेण्यासाठीं नव्हे. ज्यांस पोलंडमधील नातलग सांपडले व परत जावेसें वाटलें, तीं मुलें परत गेलीं. कित्येक इंग्लंडास गेलीं, कित्येक ऑस्ट्रेलियास. कांहींस घेऊन फादर प्लुता अमेरिकेस गेले. कोठें जावयाचें हें ठरविण्याइतकी सवड मिळावी, एवढ्याकरितां तो कागद होता. दत्तक घेऊन मुलास मोकळें सोडणारा बाप आमच्या तरी वाचनांत दुसरा नाहीं.

१९४६ सालीं बालाचडीची छावणी बंद झाली, आणि राहिलेलीं मुलें आपल्या कोल्हापूरनजीकच्या वळिवड्यास आलीं. येथें महाराष्ट्राचा या कथेशीं दुसऱ्यांदा संबंध येतो. वळिवड्यास १९४३ पासून पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायका व मुलें. तिचा खर्च लंडनचें पोलिश सरकार करीत असे. देऊळ म्हणावें तसें त्यांचें प्रार्थनामंदिर, शाळा, दुकानें, नाटकगृह, सर्व कांहीं पंचगंगेच्या परिसरांत उभें राहिलें होतें. कोल्हापूरच्या जुन्या पिढीनें गोऱ्या मुलींना बाजारांत मराठींत भाजीचा भाव करतांना पाहिलें आहे. एकीनें तर कोल्हापुरांतच विवाह करून आपला संसार थाटला. १९४८ सालीं ही वसाहत रिकामी झाली. आणि फाळणीनें घरादारास मुकलेले सिंधी लोक त्याच बराकींत राहावयास आले. आजचें गांधीनगर तें हेंच. एका देशाचीं पोरकीं माणसें गेलीं, दुसऱ्या देशाचीं आलीं. कौलें तींच राहिलीं.

जामसाहेबांचें पुढील चरित्र इतिहासाच्या पुस्तकांत सांपडेल, म्हणून आम्ही तें आटोपतें घेतों. संस्थानें विलीन झालीं; १९४८ सालीं झालेल्या सौराष्ट्र राज्याचे ते राजप्रमुख झाले व १९५६ पर्यंत त्या पदावर होते. संयुक्त राष्ट्रसंघांत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांतूनहि त्यांनीं काम केलें. ३ फेब्रुवारी १९६६ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं पोलंडमध्यें त्यांचें नांव घेणेंहि सोयीचें नव्हतें. कारण त्यांची गोष्ट सांगावयाची म्हणजे मुलें सैबेरियांत कशीं गेलीं हेंहि सांगावें लागे, आणि तें सांगण्यास मनाई होती.

असें सांगतात कीं युद्धकाळांत पोलंडचे पंतप्रधान सेनापति सिकोर्स्की यांनीं या उपकाराची फेड कशी करावी असें जामसाहेबांस विचारलें, तेव्हां स्वतंत्र वॉर्सांतील एका रस्त्यास आपलें नांव द्यावें एवढेंच त्यांनीं मागितलें. सिकोर्स्की १९४३ सालीं विमान अपघातांत वारले. देणेकरी गेला, धनकोहि गेला, आणि देणें राहून गेलें. १९८९ सालीं पोलंडमधील साम्यवादी राजवट संपली, तेव्हां बालाचडीचीं मुलें साठीच्या आसपास आलीं होतीं. त्यांनीं तें देणें स्वतःचें मानलें. वॉर्सांतील एका शाळेनें जामसाहेबांचें नांव धारण केलें. पोलंडच्या प्रजासत्ताकानें मरणोत्तर सन्मानपदक दिलें. आणि ओखोता नांवाच्या भागांतील एका चौकास सज्जन महाराजांचा चौक असें नांव पडलें. २०१४ सालीं तेथें त्यांचा स्मारकदगड बसविण्यांत आला. मागितला होता रस्ता, मिळाला चौक.

बालाचडीच्या त्या जागीं आतां सैनिकी शाळा आहे. तिच्या आवारांत पोलिश मुलांचा स्मृतिफलक आहे. २०१८ सालीं त्या मुलांपैकीं कांहीं जण, ऐंशी-नव्वदीच्या घरांत पोंचलेले, पुन्हां तेथें येऊन गेले. बराकी राहिलेल्या नाहींत. समुद्र आहे, आणि सकाळच्या घंटेबरोबर मैदानावर धांवत येणारीं मुलें आहेत.